डोक्याला मार लागून आठ-नऊ महिने झाले, स्कॅन नॉर्मल, पण चौथ्या तासाला वर्गात उभं राहवत नाही

गणिताच्या बाई

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलवर नववी-दहावीला गणित शिकवते. वय ४२. गेल्या दिवाळीच्या आधी मिस्टरांच्या मागे गाडीवर बसून येत होते. पांढरे पट्टे नसलेल्या गतिरोधकावर गाडी उडाली आणि मी मागच्या मागे पडले. साडी, दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर पिशवी. डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटली. हे सगळं मला इतरांनी सांगितलेलं. मला त्या दुपारी स्टाफरूममध्ये चहा घेतल्याचं आठवतं आणि त्यानंतर एकदम मिरजेच्या दवाखान्यात नणंद माझे केस सोडवत बसली होती ते. मधले दोन दिवस कोरे आहेत.

सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात छोटं कंट्यूजन, म्हणजे मुका मार बसल्याची जखम, निघालं. ऑपरेशन लागलं नाही. मागे टाके पडले, फिट येऊ नये म्हणून गोळ्या दिल्या, त्या पुढे डॉक्टरांनीच बंद केल्या. दुसरा स्कॅन स्वच्छ आला. अर्धपगारी रजा परावर्तित करून घेतली होती, ती संपल्यावर जानेवारीत शाळेत हजर झाले. तेव्हा दहावीच्या मुलांचा सराव चालला होता, तास कमी होते, निभावलं. मे महिन्याच्या सुट्टीत तर इतकं छान वाटत होतं की आता संपलं असं धरून चालले. जूनमध्ये शाळा भरली आणि सगळं परत आलं.

काय काय होतं ते सांगते. पहिले दोन तास व्यवस्थित जातात. तिसऱ्यात मानेपासून डोकं जड व्हायला लागतं. चौथ्यात फळ्यावरून वर्गाकडे वळले की समोरची बाकं क्षणभर हलतात, पुसट होतात. आमची घंटा माझ्या वर्गाच्या दाराशीच टांगलेली आहे. ती वाजली की आवाज कानात न जाता कवटीत शिरल्यासारखा वाटतो. रात्री डाव्या कुशीवर वळले की खोली गरगर फिरते, अर्धा मिनिट डोळे मिटून पडायचं, मग थांबते. वर्गसमीकरण सोडवताना मध्येच कुणी “बाई, हे वजा कसं आलं?” विचारलं तर त्याला उत्तर देते, पण मग आपण कुठल्या पायरीवर होतो ते सापडत नाही. गणित येतं हो, धागा तुटतो. पोरांची नावं जिभेवर येऊन अडकतात. चिडचीड तर इतकी की स्टाफरूममध्ये कुणी चमचा आपटला तरी उठून बाहेर जावंसं वाटतं.

आणि वास गेलाय. पूर्ण. कांदा करपला तरी धूर दिसल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चात बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी देतात, गावभर नाक धरून फिरतात सगळे. यंदा मी शेडच्या दारात उभी होते आणि भाऊजी ओरडले, “वहिनी, लांब व्हा की!” तेव्हा समजलं.

डॉक्टर म्हणतात स्कॅन क्लिअर आहे, वेळ द्या. मुख्याध्यापक म्हणतात चेहऱ्यावर तर तजेला आहे. सासूबाई म्हणतात दृष्ट काढू या, ती काढून झाली. माझं रोजचं गणित असं: चौथ्या तासाच्या आधी डोकेदुखीची एक गोळी, आल्यावर दोन तास झोप, मग स्वयंपाक.

विचारायचं हे की, यातून गेलेल्यांनी मधल्या काळात नोकरी कशी सांभाळली? यातलं काय जातं आणि काय राहतं? की हे सगळं मिळून एकच आहे आणि एकदमच जाईल?

जुनं खोड

ताई, स्कॅन नॉर्मल म्हणजे मेंदू ठणठणीत. बाकी मनाचे खेळ. पहाटे उठून कपालभाती आणि शीर्षासन सुरू करा, नाकात गाईच्या तुपाचे दोन थेंब सोडा. आमच्या वेळी झाडावरून पडून पोरं दुसऱ्या दिवशी शाळेत जायची.

सातपूरकर

खोडसाहेब, शीर्षासन सांगू नका कुणाला असं परस्पर. डोक्याला मार लागलेल्या, गरगरणाऱ्या माणसाला उलटं उभं करायचं?

बाई, मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, होतो. पाथर्डी फाट्याजवळ कुत्रं आडवं आलं, तीन वर्षांमागची गोष्ट. हेल्मेट होतं, तरी डोकं आतल्या आत हललं. माझाही स्कॅन नॉर्मल होता. आमच्या न्यूरोवाल्यांनी नंतर नीट समजावलं: सीटीत रक्तस्राव दिसतो, हाडाची चीर दिसते, सूज दिसते. मेंदूतले बारीक तंतू ताणले गेले असतील तर ते त्यात दिसत नाहीत. स्कॅन चांगला म्हणजे जिवाचा धोका नाही. माणूस कामाला तयार आहे असं त्यात कुठंच लिहिलेलं नसतं.

तुमच्या लिहिण्यात मला दोन गोष्टी खटकल्या. पहिली गोळी. रोज एक म्हणता. महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामक गोळी घेतली आणि असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर ती गोळीच डोकेदुखी धरून ठेवते. कॅफीन वगैरे मिसळलेली असेल तर हद्द आणखी खाली, दहा दिवस. पाकिटामागे काय छापलंय ते बघा आणि डॉक्टरांना रोजचा हिशेब सांगा. ते विचारत नाहीत, आपण सांगत नाही. सोडताना पहिले काही दिवस दुखणं वाढतं, म्हणून ते त्यांना विचारूनच करायचं.

दुसरी गोष्ट, सुट्टीत बरं वाटलं आणि जूनला पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळापत्रक. ताकद आली की सगळी खर्च करायची आणि मग उसनवारीवर जगायचं. व्याज फार लागतं त्याचं. मी शिफ्टला हेच करत होतो, पाच दिवस रेटायचं आणि शनिवार-रविवार अंधाऱ्या खोलीत. त्यात काही सुधारलं नाही. फरक पडला तो दुखायच्या आधी थांबायला लागल्यावर. तुमचं तिसऱ्या तासाला डोकं जड होतं, तर दुसऱ्यानंतर ऑफ तास मागा. चौथ्यानंतरच्या विश्रांतीला अर्थ नाही, तोवर गाडी घसरलेली असते.

साहेब लोकांना “मला बरं नाही” सांगून उपयोग नाही, ते चेहऱ्याकडे बघतात. डॉक्टरांकडून कागदावर नेमकं लिहून आणा. सलग दोन तासांपेक्षा जास्त वर्ग नको, घंटेजवळची खोली नको, अमुक महिने. माझ्या कागदावर “फिरत्या यंत्राजवळ काम नको” असं होतं, म्हणून मला तपासणी विभागात बसवलं. पगारात ओव्हरटाइम गेला, नोकरी राहिली.

गणिताच्या बाई

पाकीट पाहिलं. कॅफीन आहे. मेडिकलवाल्याने “ही जरा जोरदार” म्हणून दिलेली, मी चिठ्ठीवरची समजत होते.

खोडकाका, झाडावरून पडलेली सगळीच पोरं दुसऱ्या दिवशी आली नसतील. जी आली तीच तुम्हाला आठवतात. संख्याशास्त्र शिकवते मी. तूप पोळीवर घेईन.

तोल

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, काम मुख्यतः चक्कर आणि तोल यांचं. न तपासता निदान करता येत नाही, पण बाईंनी इतकं नेमकं लिहिलंय की कुठे दाखवायचं ते तरी सांगता येईल.

हे सगळं एकच नाही, बाई. तुमच्या वर्णनात मला निदान चार वेगळी दुखणी दिसतात आणि त्यातल्या दोघांवर बऱ्यापैकी खात्रीचे इलाज आहेत.

कुशीवर वळल्यावर खोली फिरणे, अर्ध्या मिनिटात थांबणे: हे बहुतेक आतल्या कानाचं आहे. तिथे कॅल्शियमचे अतिसूक्ष्म कण एका जागी चिकटलेले असतात. डोकं आपटलं की ते सुटतात आणि अर्धवर्तुळाकार नळीत जाऊन बसतात. डोकं ठरावीक दिशेला वळलं की ते सरकतात आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. याची तपासणी १९५२ सालापासून तीच आहे, डिक्स-हॉलपाइक. मान वळवून तुम्हाला पटकन आडवं करतात आणि डोळ्यांची थरथर बघतात. कण मागच्या नळीत निघाले तर एप्लीची हालचाल करतात, म्हणजे डोकं क्रमाने चार स्थितींतून फिरवून ते जागेवर आणतात. पलंगावर दहा-पंधरा मिनिटांचं काम, एक-दोन बैठकांत बहुतेकांना फरक पडतो. सांगली-मिरजेत ही करणारे कानाचे डॉक्टर असणार. जाताना फोन करून “तुम्ही डिक्स-हॉलपाइक करता का” एवढंच विचारा. पोट रिकामं ठेवा, करताना मळमळतं. मानेचा काही त्रास किंवा जुनी इजा असेल तर आधी सांगा. यूट्यूब बघून घरी करू नका, आधी कुठली बाजू आणि कुठली नळी ते ठरावं लागतं.

फळ्यावरून वळताना बाकं पुसट होणे ही वेगळी गोष्ट. डोकं हलताना नजर स्थिर ठेवणारी यंत्रणा मंदावलेली असते. तिला व्यायाम लागतो. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा, नख स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगाने डोकं डावी-उजवीकडे हलवा. सुरुवात खुर्चीवर बसून, अर्धा मिनिट, दिवसातून तीन-चार वेळा. थोडं डुचमळणं चालेल, पण ते दहा-पंधरा मिनिटांत निवळायला हवं. तासभर टिकलं तर वेग कमी करा. बऱ्याच जणांना चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू असतात. सुरुवातीच्या उलट्यांच्या दिवसांत त्या ठीक. पुढे त्या मेंदूला जुळवून घेऊच देत नाहीत. तुम्हाला असतील तर त्याबद्दलही विचारा.

मानेपासून चढणारं दुखणं: मागच्या मागे पडताना मानेला हिसका बसलेलाच असतो आणि डोक्याच्या गडबडीत तिच्याकडे कुणी बघत नाही. मान स्वतंत्र तपासून घ्या. वह्या तपासताना ओळी दुहेरी दिसतात का, हेही बघा. दोन डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळणं अशा मारानंतर अनेकांचं बिघडतं, चष्म्याचा नंबर मात्र तोच निघतो. त्यालाही व्यायाम आहेत.

धागा तुटणं आणि चिडचीड याबद्दल इथले बाकीचे अनुभवी माझ्यापेक्षा जास्त सांगतील. एवढंच की, तुम्ही मागे आपटलात आणि जखम पुढे निघाली यात चमत्कारिक काही नाही. मेंदू आत सरकून पुढच्या हाडावर आदळतो. लक्ष दोन ठिकाणी ठेवणं, राग आवरणं ही कामं त्याच पुढच्या भागाची आहेत.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: डोकेदुखी दिवसागणिक वाढत असेल, उलट्या, एका बाजूला अशक्तपणा, बोलणं जड होणं, सारखी झोप किंवा झटके यातलं काही असेल तर इथे लिहीत बसू नका, दवाखान्यात जा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांना साध्या धडकेनंतर काही आठवड्यांनीही कवटीत हळूहळू रक्त साचू शकतं.

रंकाळ्याजवळची

मी स्वतः रुग्ण नाही, आमच्या ह्यांचं सांगते. ट्रकने उडवलं होतं, बाईंपेक्षा मार मोठा, ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर माणूस बदललाच. ताटात मीठ कमी म्हणून ताट भिंतीवर. आधी मी सगळं जखमेवर ढकललं. मग एका डॉक्टरांनी फिटची गोळी कोणती विचारलं. लेव्हेटिरासिटाम होती. त्यानं काही जणांना फार चीड येते म्हणे. त्यांनी ती हळूहळू बदलून दुसरी दिली आणि निम्मा राग गेला. आपल्या मनानं बंद करायची नसते, फिट येऊ शकते. तुमची तर आधीच बंद झाली आहे, तेव्हा तुमच्या चिडीचं कारण दुसरं असणार. थकवाच असेल. आमच्याकडे उरलेला निम्मा राग संध्याकाळी सहानंतरच येतो.

घरच्यांनी काय करायचं ते सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. आम्ही टीव्ही आणि मिक्सर एका वेळी चालू ठेवत नाही. पाहुणे आले तर एका वेळी दोघंच, आणि तेही दुपारी झोप झाल्यावर. एका वाक्यात एकच काम सांगायचं. “दूध घेऊन या, येताना लाइटबिल भरा आणि पोराला आणा” असं म्हटलं की पहिलं आणि शेवटचं लक्षात राहतं, मधलं गळतं. आता ते स्वतः खिशात छोटी वही ठेवतात. आधी लाज वाटायची त्यांना, गावात सगळे ओळखीचे.

आणि बाई, “चेहऱ्यावर तजेला आहे” हे वाक्य मीही ऐकलंय. प्लॅस्टर असतं ना पायाला, तर बसमध्ये जागा देतात लोक. ह्यांच्या डोक्यावर आता केस आलेत.

टोरांटोची माई

मी मूळची सांगलीची, विश्रामबागची, म्हणून तासगाव वाचून थांबले. इथे बर्फावर घसरून पडणाऱ्यांची कमतरता नाही, मीही त्यातलीच. मी वासाचं लिहिते, कारण वर कुणी ते घेतलं नाही आणि डॉक्टरही त्याला हसण्यावारी नेतात.

वासाच्या नसा नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूत जातात. डोकं आपटलं, विशेषतः मागून, की मेंदू सरकतो आणि हे नाजूक धागे तिथे ताणले किंवा तुटले जातात. सर्दी-तापानंतर गेलेला वास जितक्या जणांना परत मिळतो तितक्यांना मारानंतरचा मिळत नाही, हे खरं सांगितलेलं बरं. पण काहींना मिळतो, आणि पहिल्या वर्षात शक्यता जास्त असते.

करून बघण्यासारखी एक गोष्ट आहे, जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या हुम्मेल यांनी २००९ मध्ये मांडलेली. चार वास घ्यायचे: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. चार छोट्या बाटल्या, प्रत्येकीत कापसाचा बोळा, त्यावर अत्तर किंवा तेल. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली दहा-पंधरा सेकंद हळूच हुंगायची आणि हुंगताना तो वास आठवायचा. किमान बारा आठवडे. खर्च काहीच नाही, कंटाळा भरपूर. एक सावधगिरी: निलगिरीचं गार लागणं आणि लवंगेचं टोचणं म्हणजे वास परत आला असं नाही. ते चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेतून कळतं, ती वेगळी आणि बहुधा शाबूत असते. मी त्या आनंदात घरभर फोन केले होते. खूण गुलाबाची. मधल्या काळात काहींना वास उलटेसुलटे येतात, कॉफीला जळक्या रबराचा वगैरे. माझं तसं झालं. त्रासदायक असतं, पण डॉक्टर त्याला सहसा वाईट लक्षण मानत नाहीत.

त्याआधी आजच एक करा. स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म बसवा. सिलिंडरमधल्या वायूला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात आणि तुम्हाला आता तेच कळणार नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून अलार्म जमिनीपासून थोड्याच उंचीवर लावायचा. उरलेल्या भाजीच्या डब्यावर तारीख टाका. द्राक्षबागेत औषध मारत असतील त्या दिवशी घरच्यांना विचारूनच तिकडे जा.

दुसरं विश्रांतीचं. पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहा म्हणायचे. आता मत बदललंय. आमच्यापासून तळ्यापलीकडे, अमेरिकेतल्या बफेलोला जॉन लेडी नावाचे डॉक्टर आहेत, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ट्रेडमिलवरची एक चाचणी बसवली. वेग-चढ हळूहळू वाढवत लक्षणं कुठल्या नाडीला वाढतात ते बघायचं आणि त्याच्या साधारण ८० ते ९० टक्क्यांवर रोज चालायचं. खेळाडूंच्या मेंदूच्या इजेबद्दल अ‍ॅमस्टरडॅमला २०२२ मध्ये तज्ज्ञ जमले होते, त्यांचंही म्हणणं तेच: पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मग हळूहळू हालचाल. तुमच्या मेंदूत कंट्यूजन होतं आणि महिनेही बरेच झालेत, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. हो म्हणाले तर ट्रेडमिलची गरज नाही, पहाटे मळ्याच्या रस्त्याने चाला. बोलता येईल इतक्या वेगाने, आणि डोकं जड व्हायच्या आत परत.

पाळी अनियमित झाली असेल, थंडी जास्त वाजत असेल किंवा झोपेनंतरही थकवा तसाच असेल तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या हार्मोनची रक्ततपासणी हवी का, हेही विचारा. मारानंतर ती कधी कधी मंदावते आणि वय चाळिशीचं असलं की सगळं पाळी जाण्याच्या खात्यावर मांडलं जातं.

गणिताच्या बाई

उशीर झाला, पाऊस आणि घटक चाचणी दोन्ही एकदम आले.

मिरजेच्या एका कानाच्या डॉक्टरांनी “करतो की” म्हणून बोलावलं. डाव्या बाजूला डोकं खाली केल्याबरोबर असं गरगरलं की मी त्यांच्या मनगटाला नखं लावली. ते शांतपणे म्हणाले, “सापडलं.” मग ते डोकं फिरवणं. दोन वेळा जावं लागलं. आता डाव्या कुशीवर झोपते. मिस्टरांना विश्वास बसेना की गोळीशिवाय हे झालं, त्यांनी मला चारदा वळायला लावलं.

फळ्याकडून वळतानाचं मात्र आहे तसंच आहे. अंगठ्याचा व्यायाम स्टाफरूममध्ये करते, हिंदीच्या सरांना वाटतं मी त्यांना काही खुणावतेय.

गोळी बंद करायचा पहिला आठवडा वाईट गेला. डॉक्टरांनी मधल्या काळासाठी रात्रीची वेगळी दिली. आता दुखतं, पण रोज ठरल्या वेळी नाही. मान फिजिओकडे दाखवली, तिथे खरोखरच घट्ट गाठी आहेत म्हणे. हार्मोनच्या तपासण्या ठीक आल्या, तेवढं एक नाव वगळलं.

शाळेचं सांगते, कारण मी विचारलं तेच होतं. सातपूरकर, तुमच्यासारखा कागद आणला. “सलग दोनपेक्षा जास्त तास नकोत” हे शब्द वाचून मुख्याध्यापकांचा सूरच बदलला. तोंडी मी तेच सहा महिने सांगत होते. वेळापत्रकात दुसऱ्यानंतर ऑफ तास मिळाला. बदली तास मात्र अजून माझ्याच माथी येतात, त्यावर भांडण चालू आहे. खोली बदलली, आता मी मागच्या बाजूला, चिंचेखाली. घंटा ऐकू येते, आत शिरत नाही.

धाग्यासाठी मी एक केलंय. फळ्याच्या उजव्या कडेला उभी पट्टी आखते आणि सोडवत असलेल्या पायरीचा क्रमांक तिथे लिहून मगच पोराच्या प्रश्नाकडे वळते. दहावीच्या एका मुलीने तेच वहीत सुरू केलं, तिला वाटलं ही नवी पद्धत आहे. परवा मी प्रमाणाचं उदाहरण अर्धवट टाकून वेगळंच सांगायला लागले, तर मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, चार नंबर.” वर्गाला मी आजारपणाचं फार सांगितलेलं नाही, पण त्यांना कळतं. बसण्याचा नकाशा टेबलाच्या काचेखाली ठेवलाय, नावांचं थोडं सोपं झालं.

चिडचीड आहे. आठवड्याच्या शेवटी जास्त. रंकाळ्याजवळच्या ताई, मिक्सर आणि टीव्हीचं आमच्याकडे सासूबाईंनी मनावर घेतलं, मालिकेच्या वेळेत चटणी बंद.

वास नाही. लवंग टोचते, माईंनी सांगितल्यामुळे फोन केले नाहीत. अलार्म लावलाय, खाली.

आता तोल यांना एक विचारायचंय. नखाचा व्यायाम बसून केला तर हल्ली काहीच होत नाही, अगदी सोपा वाटतो. मग फळ्यापाशी तेच का जमत नाही?

तोल

कारण फळ्यापाशी तुम्ही उभ्या असता, एक पाय फिरवता आणि मागे चाळीस पोरं हलत असतात. बसून सोपं झालं ही चांगली खूण आहे, आता तो व्यायाम कठीण करायचा. आधी तोच उभं राहून करा, पाय जुळवून, जवळ भिंत किंवा टेबल असू द्या. ते सोपं झालं की अंगठ्यामागे मोकळी भिंत नको, फुलाफुलांचा पडदा किंवा चट्ट्यापट्ट्यांची चादर असू द्या. मग चालता चालता. शेवटी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात फळ्यावर एक शब्द लिहा, मागच्या भिंतीवर एक कागद चिकटवा आणि एकाकडून दुसऱ्याकडे वळून दोन्ही वाचा, आधी सावकाश. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, आणि ज्या दिवशी बदली तास गळ्यात पडला त्या दिवशी काहीच वाढवायचं नाही.

सातपूरकर

बदली तासाचंही त्याच कागदावर लिहून आणा, बाई. “बदली तास धरून” एवढे तीन शब्द.